बर्फावरून आलेला कुत्रा

घर हलवायचं ठरलं की भांडण भांड्यांवरूनच सुरू होतं. नोल्फा कार्कामोच्या घरीही सकाळपासून तेच चाललं होतं.

"ही बिडाची कढई मी सोडून येणार नाही," एदुविना म्हणाली. कढई पोटाशी धरून ती चुलीजवळ बसली होती.

"आई, त्या कढईनं बोट बुडेल."

"बुडू दे. बोटवाला आता घरचाच आहे. मला आधी काढील."

नोल्फाला हसू आलं. एदुविना तिची सासू. ऐंशीच्या घरातली, एका डोळ्यानं अधू, पण जिभेनं धडधाकट. ईस्टर झाला की नोल्फाचं बाउदिलिओशी लग्न व्हायचं होतं. अर्जेंटिनाच्या सरहद्दीलगतच्या ओ'हिगिन्स सरोवरावर बोट चालवणारा तोच हा बाउदिलिओ. मग दोघींनी दक्षिण काठावरची ही एकाकी वस्ती सोडून त्याच्या गावातल्या घरी राहायला जायचं ठरलं होतं. "सुनेच्या दुसऱ्या नवऱ्याकडे आंदण म्हणून जाणारी मी पहिलीच सासू असेन," असं एदुविना येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची.

नोल्फाचा पहिला नवरा उर्बानो, एदुविनाचा एकुलता एक मुलगा. सहा वर्षांपूर्वी त्याची एक गाभण घोडी चरता चरता डोंगरापलीकडे गेली. कुत्रा बरोबर घेऊन तो तिला आणायला निघाला आणि लांबचा वळसा टाळायला वरून, बर्फावरून गेला. तसा तो नेहमीच जायचा. पुढे घोडी आपल्या पायांनी परत आली, शिंगराला घेऊन. उर्बानो आला नाही. पोलीस आले, हेलिकॉप्टर आलं, बर्फ मोजायला येणाऱ्या संशोधकांनी आपली यंत्रं लावून पाहिली. एक मोजासुद्धा मिळाला नाही. गेल्या वर्षी कोर्टानं त्याला मृत ठरवलं. त्या दिवशी एदुविनानं काळे कपडे घातले, नेहमीसारखा स्वयंपाक केला आणि म्हणाली, "चला, निदान सरकारला तरी ठाऊक झालं."

घरामागच्या खोऱ्यातून घोड्यावर दिवसभर चढत गेलं की झाडं संपायची आणि हिमनदीची जीभ लागायची. करडी, मळकी, भेगाळलेली. त्या जिभेवरून वर गेलं की पुढे नुसतं पांढरं पठार, आभाळ टेकेपर्यंत. आसपासच्या साऱ्या हिमनद्या तिथूनच उतरायच्या. काठावरची माणसं त्याला नावानं हाक मारत नसत, "वर" म्हटलं की कळायचं. पठाराच्या अलीकडच्या अंगाला एक काळा कडा होता. नोल्फा लग्न होऊन इथं आली तेव्हा तो नव्हता. दर उन्हाळ्यात बर्फ खाली बसत गेलं आणि पांघरुणाखालून गुडघा वर यावा तसा तो कडा वर येत गेला.

नोल्फाला बर्फाचं अप्रूप नव्हतं. उर्बानो गेल्यावर संशोधकांचं सामान घोड्यांवरून पोचवायचं काम तिनंच चालवलं होतं, आणि गरज पडली तर ती त्यांच्याबरोबर बर्फावरही चढायची. भुताखेतांच्या गोष्टी तिला आवडत नसत. वाऱ्यात कुणीतरी रडतंय असं कुणी म्हणालं, की ती त्याला छपराचा सुटलेला पत्रा दाखवायची.

मार्च संपत आला होता, म्हणजे इकडची पानगळ. डोंगरावरची लेंगा नावाची झाडं तांबडीलाल झाली होती. दुपारी नोल्फा अंगणात खोक्याला खिळे ठोकत होती. कुंपणातल्या घोड्यांनी एकदम माना वर केल्या. सगळ्यांचे कान एकाच दिशेला.

खोऱ्याच्या वाटेनं एक काळा कुत्रा येत होता. लंगडत नव्हता, धापा टाकत नव्हता. कामावरून घरी परतणाऱ्या माणसासारखा दुडक्या चालीनं आला, घोड्यांच्या हौदातलं पाणी प्याला, अंगण ओलांडून दाराशी गेला आणि उंबऱ्याला लागून आडवा पसरला.

"तिसोन, सरक मेल्या, पाय पडेल ना माझा," आतून एदुविना म्हणाली.

नोल्फाचा हातोडा थांबला. आत कढई जमिनीवर टेकल्याचा आवाज आला.

तिसोन म्हणजे उर्बानोबरोबर गेलेला कुत्रा.

"दुसरा कुणाचा तरी असेल," नोल्फा म्हणाली. "अर्जेंटिनाच्या बाजूनं आला असेल भटकत. तिसोनची पिल्लं तिकडं काय कमी असतील?"

"आणि फाटका कान पिल्लांना वारशानं मिळतो होय?"

डावा कान फाटलेला होता. प्यूमानं पंजा मारला होता तिथंच. नोल्फानं गुडघ्यांवर बसून, घोड्याचं वय बघावं तसा कुत्र्याचा जबडा उघडला. एक सुळा तुटका होता, तोही तोच. पण दात पांढरे होते. तिसोन गेला तेव्हाच ऐन वयाचा होता. आज तो म्हातारा असायला हवा होता, किंवा नसायलाच हवा होता. ह्याच्या तोंडावर एक पांढरा केस नव्हता.

तिनं मटणाचं हाड टाकलं. त्यानं हुंगलं आणि मान फिरवली. भूक नव्हती. अंगाला एक कुसळ नाही, केस कोरडे, मोकळे. तिनं त्याच्या मानेत नाक खुपसलं. लेंगाच्या लाकडाच्या धुराचा वास आला, ताजा. आणि त्याखाली भाजलेल्या कोकराच्या चरबीचा.

"याला कुणीतरी खाऊ घालतंय," ती म्हणाली.

एदुविना दारातून पुढे आली. ती उंबऱ्यावर बसली आणि तिनं कुत्र्याच्या डोक्यावर हात ठेवला. तो हात बराच वेळ तिथंच होता.

खोकी न्यायला बाउदिलिओ आला तो दिवस कलताना. ठेंगणा, रुंद, बोलायला सावकाश. कुत्रा दिसताच त्यानं डोक्यावरची टोपी काढली. कुत्र्यानं त्याला ओळखून शेपटी दोनदा जमिनीवर आपटली.

"तो जिवंत असेल तर?" नोल्फानं विचारलं.

"तर लग्न होणार नाही," बाउदिलिओ म्हणाला. "सगळी खोकी मीच परत उघडून देईन. खिळ्यांसकट."

"मस्करी नको करू."

"मस्करी कुठं करतोय? तो तुझा नवरा व्हायच्या आधी माझा दोस्त होता, नोल्फा. तू वर जाणार, हे मला दिसतंय. एकटी जाणार नाहीस, एवढंच सांगतो."

"माणूस सहा वर्षं बर्फात राहू शकत नाही."

"नाही राहू शकत."

"मग आपण कशाला जातोय?"

बाउदिलिओनं कुत्र्याकडे पाहिलं. "हा कुठून आला ते बघायला," तो म्हणाला.

सकाळी एदुविनानं राखेत भाजलेली भाकर फडक्यात बांधून दिली. अजून गरम होती. "भेटला तर दे," ती म्हणाली. "आणि त्याला सांग..." ती थांबली, नाक पुसलं, मग नेहमीच्या आवाजात म्हणाली, "सांग, आपण घर बदलतोय. नाहीतर उगाच इथं येऊन बसायचा."

कुत्रा पुढे, मागे दोन घोडे. ती रात्र त्यांनी झाडं संपतात तिथल्या पत्र्याच्या खोपटात काढली. उजाडल्यावर घोडे तिथंच बांधले, बुटांना लोखंडी काटे चढवले, कमरेला दोर बांधला. बाउदिलिओ पुढे, नोल्फा मागे, उरलेल्या दोराचं वेटोळं तिच्या खांद्यावर. कुत्रा मोकळाच. तो भेगांच्या कडेकडेनं असा चालत होता, जणू अंगणातून वाट काढतोय.

आभाळ स्वच्छ होतं. काट्यांचा करकर आवाज, पायांखाली कुठंतरी खोल वाहणारं पाणी, भेगांच्या तोंडाशी निळा उजेड. वर गेल्यावर पठाराचा वारा लागला. बर्फाच्या वाऱ्याला वास नसतो. माती नाही, पाला नाही, काहीच नाही. तिथं काही काळ काम केलेल्या माणसाला खाली उतरल्यावर शेणाचा वाससुद्धा गोड लागतो. त्यामुळे बाउदिलिओ मध्येच थांबला तेव्हा तो का थांबला ते नोल्फाला लगेच कळलं.

"येतोय ना तुलाही?"

"लेंगाचा धूर," ती म्हणाली. "वाऱ्यानं खालून आणला असेल."

"वारा समोरून आहे."

समोर काळा कडा होता आणि त्याच्यामागे आभाळापर्यंत बर्फ. कुत्र्यानं पाऊल उचललं.

कड्याला वळसा घातल्यावर एक खबदाड लागलं. आत पाय टाकताच वारा थांबला, एकदम, दार लावल्यासारखा. पश्चिमेच्या बाजूला गुडघाभर उंचीची दगडांची भिंत रचलेली होती. फटींत बारीक दगड नीट ठोकून बसवलेले. मध्ये तीन दगडांची चूल, चुलीत राख. बाजूला लेंगाच्या काटक्यांची मोळी, कुऱ्हाडीनं तोडलेल्या टोकांचा रंग अजून फिकट, ओला. चुलीशी बसायला दोन सपाट दगड. एकावर बर्फ साचलं होतं. दुसरा झाडून स्वच्छ केलेला होता.

सगळीकडे बर्फ, आणि इथली जमीन मात्र विरघळून ओली झालेली.

हाडं नव्हती. कपड्याची चिंधी नव्हती. उर्बानोची म्हणावी अशी एकही वस्तू नव्हती.

"संशोधकांचं काम असेल," नोल्फा म्हणाली.

"ते गॅसवर रांधतात."

"मग कुणी चोरून सरहद्द ओलांडणारा."

"असेल." बाउदिलिओनं राखेवर हात धरला आणि मागे घेतला. गार होती की गरम, ते तिनं विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही. तो भिंतीपाशी गेला, तोंडाशी हात धरून त्यानं एकदाच हाक मारली.

"उर्बानो!"

हाक पठारावर गेली. बऱ्याच वेळानं खाली कुठंतरी हिमनदीचा एक तुकडा तुटल्याचा आवाज आला. कुत्रा चुलीच्या पलीकडे गोल फिरून ठरलेल्या जागी बसतात तसा बसला.

"मी बाहेर थांबतो," बाउदिलिओ म्हणाला. "तुला काय बोलायचं ते बोल. दोर मोकळा सोडतो तेवढ्यापुरता."

"कुणाशी बोलू? वेडा आहेस का?"

तो कमरेचा दोर सोडून गेला. नोल्फा थोडा वेळ उभी राहिली. मग पाय दुखत होते म्हणून, असं तिनं स्वतःला सांगितलं, त्या झाडलेल्या दगडावर बसली. खांद्यावरचं वेटोळं घसरून ओल्या जमिनीवर पडलं.

"घोडी आली परत," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच मोठा वाटला. "तू गेल्यावर आली, आपली आपण. शिंगरू कपाळाला पांढरं निघालं. आईच्या एका डोळ्याला दिसत नाही आता, पण मान्य करत नाही. परवा बादलीला मी समजून तिच्याशी भांडली."

कुत्र्यानं डोकं पंजांवर ठेवलं.

"मी लग्न करतेय. बाउदिलिओशी. तो चांगला आहे. तुझ्याइतका हसवत नाही, पण चांगला आहे. मी तुझी वाट पाहिली, उर्बानो. कुणी सांगितलं नव्हतं तरी पाहिली. आता नाही पाहणार. आम्ही ती जागा सोडतोय. आईनं सांगायला सांगितलंय."

तिला वाटलं होतं, आपण रडू. रडू आलं नाही. उलट खूप दिवसांनी अंग शेकून निघाल्यासारखं वाटलं. तिनं फडक्यातली भाकर सोडली आणि शेजारच्या दगडावरचं बर्फ हातानं झाडून तिथं ठेवली.

निघताना कुत्रा उठला नाही. तिनं हाक मारली, शीळ घातली. त्यानं तिच्याकडे पाहून शेपटी हलवली आणि तो जागचा हलला नाही.

"राहू दे," दोर पुन्हा कमरेला बांधत बाउदिलिओ म्हणाला. "तो घरी आहे."

खबदाडाबाहेर पडताच तिच्या मागचा, ओला झालेला उरलेला दोर गोठून काठीसारखा ताठ झाला. वेटोळं होईना. शेवटी नोल्फानं तो तसाच मागे सोडून दिला. बर्फावरून तो खरखरत तिच्यामागून येऊ लागला.

अर्ध्या वाटेवर धुकं आलं. वर धुकं येतं तेव्हा ते पसरत नाही, एकदम असतं. आभाळ आणि जमीन एकच झाली. पुढे बाउदिलिओची पाठ पुसट दिसत होती, तेवढंच. आपलीच पावलं शोधत ती दोघं हळूहळू उतरू लागली.

मागची खरखर थांबली आहे, हे नोल्फाच्या जरा उशिरा लक्षात आलं.

दोर घासत नव्हता. जमिनीपासून वर उचललेला होता. कमरेला मागून एक हलकासा ताण होता. अडकला असेल कुठंतरी, तिला वाटलं. ती थांबली. ताण सैल पडला. ती चालू लागली, तो पुन्हा आला. ओढ नव्हती. कुणी जपून हातात धरावा, तसा ताण.

"तिसोन?" ती हळूच म्हणाली.

कुत्र्याच्या पायांचा आवाज नव्हता.

पहिली भेग अरुंद होती. ती ओलांडण्याआधी दोर मागून घट्ट झाला. ओलांडून झाल्यावर सैल पडला. दुसऱ्या भेगेलाही तसंच झालं. भेग तिला दिसायच्या आधी दोराला कळत होती.

तिनं मागे पाहिलं नाही. भीती वाटली म्हणून नव्हे, असं ती पुढे सांगायची. बघितलं तर तो ताण जाईल, असं वाटलं म्हणून.

पुढची भेग रुंद होती. तिच्यावर बर्फाचा पूल होता, सकाळी त्यावरूनच आले होते. बाउदिलिओ आधी पलीकडे गेला. मग वळला, काठाशी परत आला आणि त्यानं तिच्याकडे हात पुढे केला.

"ये. हळू."

तो पुढे आला तसा दोघांमधला दोर खाली लोंबला.

तिनं पाऊल टाकलं. पूल आवाज न करता गेला.

निळा उजेड. चेहऱ्यावर भुगा.

आणि कमरेला हिसका. मागून.

ती लोंबकळत होती. पुढचा दोर तिच्या तोंडासमोर सैल झुलत होता, बाउदिलिओच्या बाजूचा. त्याच्यात काहीच जोर नव्हता.

खाली पाणी वाहत होतं.

मग मागचा दोर वर येऊ लागला. एक ओढ, थांबणं. एक ओढ, थांबणं. विहिरीतून भरली बादली काढताना दमदार माणूस काढतो तसा.

तिचे कोपर काठावर आले. ती पोटावर सरपटत वर आली आणि बर्फावर गाल टेकून पडून राहिली.

पाठीमागचा ताण सुटला.

तिनं मान उचलली. भेगेच्या पलीकडे बाउदिलिओ उभा होता. तो तिच्याकडे पाहत नव्हता. तिच्या खांद्यावरून मागे, धुक्यात पाहत होता. त्याचे ओठ हलले. कुणाला तरी रामराम करावा तशी त्यानं मान किंचित लववली.

"बाउदिलिओ?"

"कडेनं ये," तो म्हणाला. "डावीकडं भेग बुजलीय. तिकडून ये. मी आहे."

ती कडेनं गेली. मग बर्फ संपेपर्यंत दोघं उतरत राहिली. मागून पुन्हा नुसती खरखर येत होती.

दगडगोट्यांवर पोचल्यावर धुकं मागे राहिलं. खाली झाडांचा तांबडा रंग दिसू लागला, खोपटाजवळ घोडे फुरफुरले. बाउदिलिओ एका धोंड्यावर बसला.

"काय पाहिलंस?" नोल्फानं विचारलं.

"दोर ओढून घे," तो म्हणाला.

ती बसली आणि दोर ओढू लागली. तो ताठ, बर्फानं माखलेला, दगडांवर आपटत येत होता. मग शेवटचं टोक आलं. टोकाला एक वेढा बांधलेला होता, माणसाच्या कमरेला बसेल एवढा. गाठ नीट आवळलेली.

"ही तू मारलीस?" तिनं विचारलं.

बाउदिलिओनं मान हलवली. नाही. त्यानं हातमोजा काढला, वेढ्याच्या आतल्या अंगावरून बोटं फिरवली आणि वेढा तिच्यापुढे धरला.

"हात लाव."

तिनं हातमोजा काढला. सगळा दोर गोठून लाकूड झाला होता. तेवढा वेढा मऊ होता, कोरडा होता. आणि आतून ऊबदार होता, कुणी आत्ताच अंगावरून काढलेल्या सदऱ्यासारखा.

तो गार होईपर्यंत दोघंही जागची उठली नाहीत.